चेक बाउन्सची केस : कोर्टातले शब्द दुकानदाराच्या भाषेत



मागच्या व्हिडिओत आपण उधारीची वही कशी ठेवायची ते बघितलं. त्यानंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, पार्टीचा चेक बाउन्स झाला. पोलीस स्टेशनला गेलो तर तक्रारच घेत नाहीत. आता काय करू?" काही जणांचा प्रश्न उलटा होता. "मला समन्स आलंय, अटक होणार का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर कोर्टातल्या आठ-दहा शब्दांमध्ये आहे. ते शब्द आज समजून घेऊ.

आधीच सांगतो, मी वकील नाही. बीबीए केलंय, इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरचं दुकान चालवतो. पण चेकच्या केसमध्ये मी दोन्ही बाजूंनी नुकसान बघितलंय.

२०१९ ची गोष्ट. गल्ल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, बसले होते. पोलीस स्टेशनचा शिपाई एक कागद देऊन गेला. अण्णांनी वाचला, त्यात त्यांच्या नावापुढे 'आरोपी' लिहिलं होतं. चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस. त्यांनी कागद घडी करून गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवला आणि घरात कोणालाच सांगितलं नाही. तारखेला गेलेच नाहीत. पुढच्या वेळी शिपाई आला तेव्हा त्याच्या हातात वॉरंट होतं.

खरं तर पहिल्या तारखेला वकील घेऊन गेले असते तर एका सकाळचं काम होतं. एका शब्दाची लाज वाटली म्हणून ते वाढलं. म्हणून हा लेख.

दिवाणी आणि फौजदारी

दिवाणी म्हणजे पैसे, जमीन, करार यांचा वाद. "माझे पैसे मिळवून द्या" अशी मागणी असते, त्याला दावा म्हणतात. दावा लावणारा तो वादी, समोरचा प्रतिवादी.

फौजदारी म्हणजे गुन्हा. तिथे शिक्षेचा प्रश्न असतो. तक्रार करणारा फिर्यादी आणि ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी.

चेक बाउन्स हा खरं तर पैशांचा विषय, पण कायद्याने त्याला गुन्हा केलंय. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये कलम १३८ नंतर घातलं गेलं आणि १ एप्रिल १९८९ पासून ते लागू आहे. म्हणून ही केस फौजदारी कोर्टात चालते. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे आपण जेएमएफसी कोर्ट म्हणतो, तिथे.

आणि आरोपी म्हणजे दोषी नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. आरोपी म्हणजे फक्त ज्याच्यावर आरोप आहे तो. दोषी कोण हे निकालाच्या दिवशी ठरतं.

दखलपात्र आणि अदखलपात्र : पोलीस तक्रार का घेत नाहीत?

दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या हुकुमाशिवाय तपास सुरू करू शकतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. चोरी, दरोडा वगैरे. अशा गुन्ह्याची पहिली खबर पोलीस लिहून घेतात, तोच एफआयआर.

अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस फक्त नोंद करतात. आपण त्याला 'एनसी केली' म्हणतो. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय त्यांना तपास करता येत नाही.

कलम १३८ मध्ये तर तेही नाही. कायदाच सांगतो की ज्याच्या नावाने चेक आहे त्याने स्वतः कोर्टात लेखी तक्रार करायची, तरच कोर्ट दखल घेईल. म्हणजे हवालदारसाहेब तुम्हाला टाळत नाहीयेत. तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. आणि या चुकीच्या दारात पंधरा-वीस दिवस गेले तर ते तुमच्या मुदतीतून जातात.

एक अपवाद. समोरच्याने सुरुवातीपासूनच फसवायच्या हेतूने माल उचलला असेल, खोटं नाव, खोटा पत्ता दिला असेल, तर तो फसवणुकीचा वेगळा गुन्हा होऊ शकतो. आपण ज्याला 'चारशे वीस' म्हणायचो तो. भारतीय न्याय संहितेत आता त्याचं कलम ३१८ आहे. पण फक्त चेक वटला नाही म्हणजे फसवणूक झाली असं होत नाही.

मेमो, नोटीस आणि मुदत : पैसे इथेच बुडतात

चेक वटला नाही की बँक एक स्लिप देते, तो रिटर्न मेमो. त्यावर कारण असतं : खात्यात पुरेशी रक्कम नाही, स्टॉप पेमेंट, खातं बंद. हा मेमो जपून ठेवा. केसचा पाया तोच आहे. मिळाला त्या दिवसाची तारीख मागे पेनाने लिहा.

त्यानंतरचं गणित तारखांचं आहे. उदाहरण घेऊ.

मेमो तुम्हाला ५ मार्चला मिळाला. तिथून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी मागणी करायची, म्हणजे डिमांड नोटीस. शेवटचा दिवस ४ एप्रिल. नोटीशीत चेकची रक्कम स्पष्ट मागायची.

नोटीस त्याला १० एप्रिलला मिळाली असं धरा. आता त्याला पैसे द्यायला १५ दिवस, २५ एप्रिलपर्यंत. या १५ दिवसांत त्याने पैसे दिले तर गुन्हाच होत नाही. नाही दिले तर २६ एप्रिलला तुमचा तक्रारीचा हक्क सुरू होतो. वकील त्याला 'कॉज ऑफ ॲक्शन' म्हणतात, मराठी कागदावर 'दाव्यास कारण घडले' असं दिसेल. तिथून एका महिन्याच्या आत कोर्टात तक्रार गेली पाहिजे. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, मेच्या पहिल्या आठवड्यातच वकिलाकडून दाखल करून घ्या.

तक्रारीला उशीर झाला आणि कारण खरंच पटण्यासारखं असेल तर कोर्ट तो माफ करू शकतं. पण नोटीशीच्या ३० दिवसांना अशी माफी नाही.

२०२२ मध्ये मी इथेच चुकलो. एका कॉन्ट्रॅक्टरचा ८४ हजारांचा चेक परत आला. रोजचा माणूस, दुकानात येऊन चहा प्यायचा. "दादा, बिल निघालं की देतो," म्हणत त्याने महिना काढला आणि मी निघू दिला. नोटीशीची मुदत गेली. तेव्हा मला एक गोष्ट माहीत नव्हती. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो, पुन्हा परत आला की नवा मेमो मिळतो आणि नोटीशीचे ३० दिवस पुन्हा मोजता येतात. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने. मला हे कळलं तोपर्यंत तीही संपली होती. मग राहिला फक्त दिवाणी दावा. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण त्यात शिक्षेचा धाक नाही.

मैत्री ठेवा, चहाही पाजा. पण नोटीस पाठवून मग पाजा.

अजून एक. नोटीस घ्यायला त्याने नकार दिला, किंवा पोस्टमनला 'घरी नाही' सांगितलं, तरी पत्ता बरोबर असेल तर कोर्ट ती मिळाली असं धरू शकतं. म्हणून पावती मिळेल अशा पोस्टाने पाठवा आणि पावती, परत आलेलं पाकीट न फोडता तसंच ठेवा.

अर्धे पैसे आले तर?

हा मुद्दा फार कमी जणांना माहीत आहे. समजा चेक एक लाखाचा. चेक दिल्यानंतर पार्टीने ३० हजार ऑनलाइन पाठवले आणि तुम्ही तरी एक लाखाचाच चेक बँकेत टाकला. तो बाउन्स झाला तर केस टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं. चेक वटवायला टाकला त्या दिवशी तेवढं देणं असलं पाहिजे. त्यामुळे अर्धवट रक्कम आली की चेकवर तशी नोंद करून बाकीच्या रकमेपुरता वापरा, किंवा सरळ नवीन चेक घ्या.

तक्रार, दखल, इश्यू प्रोसेस

कुठल्या कोर्टात जायचं? तुमचं खातं ज्या शाखेत आहे आणि चेक जिथे जमा केला, तिथल्या भागातल्या कोर्टात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हे पक्कं झालं. पार्टी पुण्याची असली तरी तुम्हाला पुण्याला जावं लागत नाही. लहान दुकानदारासाठी ही फार मोठी सोय आहे.

वकिलाला केस चालवायचा अधिकार देणारा कागद म्हणजे वकीलपत्र. तक्रारीसोबत मूळ चेक, मेमो, नोटीशीची प्रत, पोस्टाची पावती, बिलं आणि तुमचं शपथपत्र लागतं. शपथपत्र म्हणजे शपथेवर दिलेलं लेखी म्हणणं. त्यात खोटं लिहिलं तर तो तुमचा गुन्हा होतो.

कोर्टाने कागद बघून 'यात प्रथमदर्शनी तथ्य आहे' असं मानलं की समोरच्याला बोलवायचा हुकूम निघतो. कोर्टात सगळे त्याला 'इश्यू प्रोसेस' म्हणतात. याचा अर्थ तुम्ही जिंकलात असा नाही. फक्त दार उघडलं.

समन्स आणि वॉरंट

समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं. अमुक तारखेला, अमुक वाजता हजर राहा. त्यात अटक नाही.

समन्स मिळूनही हजर राहिलं नाही तर वॉरंट. ते दोन प्रकारचं. जामीनपात्र वॉरंटमध्ये पोलीस येतात, पण जामीन देऊन तुम्ही तारखेला हजर राहायची हमी देऊ शकता. तरीही गेला नाहीत तर अजामीनपात्र वॉरंट. त्यात पोलीस पकडून कोर्टासमोर उभं करतात.

इथे लोकांचा गोंधळ होतो. गुन्हा जामीनपात्र असणं आणि वॉरंट जामीनपात्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेक बाउन्स हा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन मिळणं हा आरोपीचा हक्क आहे. तरीही तारखा चुकवत राहिलं तर त्याच केसमध्ये अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं. मग शुक्रवारी संध्याकाळी पोलीस आले की काय होतं ते सांगायला नको.

खरंच आजारी असाल तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्या. न कळवता घरी बसू नका.

फिर्यादींनाही सांगतो. तुम्हीच तारखेला गेला नाहीत, वकीलही नाही, तर कोर्ट आरोपीला निर्दोष सोडू शकतं. केस टाकली म्हणजे काम झालं असं नाही.

जामीन, जातमुचलका, जामीनदार

जामीन म्हणजे सुटका झाली असं नव्हे. 'केस संपेपर्यंत बोलवाल तेव्हा येईन' या हमीवर बाहेर राहायची परवानगी.

स्वतःच लिहून दिलेली हमी म्हणजे जातमुचलका. दुसऱ्या माणसाने तुमच्यासाठी घेतलेली हमी म्हणजे जामीनदार. त्याचे ओळखीचे आणि मालमत्तेचे कागद लागतात, सातबारा किंवा घरपट्टीची पावती. तुम्ही पळालात तर रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. अण्णांना जामीनदार राहिले ते शेजारच्या किराणा दुकानाचे काका. एक शब्द न विचारता सातबारा घेऊन आले. म्हणून कोणाचा जामीन राहताना विचार करा, आणि आपल्यासाठी कोणी राहिलं तर एकही तारीख चुकवू नका.

गुन्हा कबूल आहे का?

आरोपी हजर झाला की कोर्ट आरोप समजावून सांगतं आणि विचारतं, गुन्हा कबूल आहे का? यालाच 'प्ली' घेणं म्हणतात. घाबरून 'हो साहेब' म्हणू नका. आधी वकिलाशी बोला. कबूल केलं तर त्यावरच शिक्षा होऊ शकते.

नाकबूल केलं तर केस पुढे चालते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर या टप्प्यावर कोर्ट आरोपीला चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. प्रत्येक केसमध्ये सांगेलच असं नाही, पण फिर्यादीने अर्ज जरूर करावा.

गृहीतक : सही केलीत तर उत्तर द्यावं लागेल

एरवी फौजदारी केसमध्ये सगळं सिद्ध करायची जबाबदारी फिर्यादी बाजूवर असते. चेकच्या केसमध्ये कलम १३९ प्रमाणे कोर्ट असं धरून चालतं की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता. तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. याला गृहीतक म्हणतात.

म्हणून कोरा सही केलेला चेक ही सगळ्यात महाग सही. "रक्कम मी भरलीच नव्हती" हे उत्तर बहुतेक वेळा पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय की स्वतःहून सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही हे गृहीतक लागू होतं. अण्णांचं तेच झालं. एका होलसेलरला माल उचलताना सिक्युरिटी म्हणून कोरा चेक दिला, पुढे हिशोब झाला, चेक परत घ्यायचा राहिला. देणं होतं ३१ हजार, चेकवर भरलं गेलं एक लाख वीस हजार.

गृहीतक खोडता येतं, पण कागदाने. लेजर, बँक स्टेटमेंट, जीएसटीची बिलं, व्हॉट्सॲपवरचा हिशोब. तोंडी सांगण्याने फारसं होत नाही.

सरतपास, उलटतपास, निशाणी

सरतपास म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने सांगितलेली हकिकत. चेकच्या केसमध्ये ती बहुतेक शपथपत्रावरच होते. उलटतपास म्हणजे समोरच्या वकिलाने विचारलेले प्रश्न. माल कधी दिला? चलनावर सही कोणाची? रिटर्नमध्ये हे बिल आहे का? इथे रागावायचं नाही. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, अंदाज सांगू नका.

कोर्टाने पुरावा म्हणून स्वीकारलेल्या कागदाला नंबर पडतो, ती निशाणी. आणि त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची रोजची नोंद म्हणजे रोजनामा.

त्यानंतर आरोपीचा जबाब, मग दोन्ही वकिलांचा युक्तिवाद, मग निकाल.

शिक्षा, अपील, तडजोड

दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडातून फिर्यादीला भरपाई देता येते. शिक्षेविरुद्ध ३० दिवसांत सेशन्स कोर्टात अपील करता येतं. तिथे दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला लावली जाऊ शकते.

कायदा म्हणतो, केस सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात बऱ्याच केसेस त्याहून खूप लांबतात. म्हणून तडजोड हा शब्द कमीपणाचा समजू नका. ही केस कोणत्याही टप्प्यावर दोघांच्या संमतीने मिटवता येते. लोकअदालतीत मिटली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. आमची तिथेच मिटली, ४० हजारांत. त्या दिवशी अण्णांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर होलसेलरकडून मूळ चेक परत मिळाल्याची पोच लिहून घेतली.

आज करायची चार कामं

१. सिक्युरिटी म्हणून कोणाकोणाला चेक दिलेत त्याची यादी करा. हिशोब संपलेल्यांकडून आजच परत मागा. देणं असेल तिथे तारीख, रक्कम आणि नाव भरूनच द्या.

२. प्रत्येक आलेल्या चेकसाठी वहीत चार रकाने करा : चेकची तारीख, मेमो मिळाल्याची तारीख, नोटीशीची शेवटची तारीख, तक्रारीची शेवटची तारीख.

३. केस चालू असेल तर वकिलाकडून सीएनआर क्रमांक मागून घ्या. सोळा अक्षरं-आकड्यांचा असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते.

४. कोर्टाचा कागद आला तर त्याच दिवशी घरात एकाला तरी दाखवा आणि वकिलाला फोन करा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. त्यामुळे कागदावरचे कलमांचे नंबर बदललेले दिसतील, पण वर सांगितलेले शब्द तेच आहेत. तुमच्या केसचा निर्णय मात्र वकिलाला कागद दाखवूनच घ्या, माझा लेख वाचून नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. पण कधीतरी ती चढावी लागलीच, तर कागदावर काय लिहिलंय ते कळलं पाहिजे. अण्णा अजून गल्ल्यावर बसतात. खालचा खण आता रिकामा असतो. कोर्टाचे, बँकेचे सगळे कागद काउंटरवरच्या लाल फाइलमध्ये, सगळ्यांना दिसतील असे.

पुढच्या व्हिडिओत डिमांड नोटीशीचा नमुना ओळीओळीने बघू. तोपर्यंत ती चेकची यादी करून ठेवा.